खोटी भाची

साल दोन हजार पंचवीस. माझं वय बाहत्तर, आणि जी गेली तिचं तेहतीस. हे आकडे मी वरच लिहून ठेवतो, कारण गेला दीड महिना मी ते उलटेसुलटे करून बघतोय आणि ते कसेही बसत नाहीत. मी चौथी शिकलेला माणूस आहे. उभा जन्म कन्नड ते देवगाव रंगारी जीप चालवण्यात गेला. लिहायची सवय नाही, पण नातीला सांगून लिहून घेणं मला पटलं नाही. माझ्या हातानं लिहिलंय. चुका असतील त्या माझ्या.

सकाळी दहाच्या सुमाराला मी अंगणात बॉनेट उघडून रेडिएटरात पाणी घालत होतो. जीप आता लाइनवर धावत नाही, पण मी तिला मोडीत घालू दिलेली नाही. फोन वाजला. निकिता होती, शीतलकडं शिकायला असलेली कॉलेजची पोरगी. म्हणाली, "मामा, शीतल मॅडम वारल्या. आज सकाळी." मी म्हणलं, "असली थट्टा करू नको," आणि फोन कट केला. मला खरंच राग आला. आजकालच्या पोरांना कशाची थट्टा करावी कळत नाही, असं मी बायकोला, द्वारकेला, सांगायलाही लागलो. फोन पुन्हा वाजला. मी घेतला नाही, द्वारकेनं घेतला. ती कानाला फोन धरून हळूहळू पायरीवर बसली... आणि तिचं तोंड बघून मला कळलं की पोरगी थट्टा करत नव्हती. मी पाण्याचा डबा खाली ठेवला, जीपमध्ये चढलो, दार लावून घेतलं आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. गाडी बंद. बॉनेट उघडंच. समोरचं काही दिसत नव्हतं, पत्र्याचं झाकण तेवढं दिसत होतं. किती वेळ बसलो ते द्वारकेला ठाऊक.

गाडी उभी असताना स्टेअरिंग धरून काय बसलास, असं कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की हे मला तिनंच शिकवलंय.

शीतल आमच्या जिल्ह्याची परिविक्षा अधिकारी होती. शब्द जड आहे. मलाही तो पहिली दोन वर्षं धड म्हणता आला नाही. सोपं करून सांगतो. कोर्टानं माणसाचा गुन्हा शाबीत धरला, पण त्याला जेलात न घालता घरीच राहू दिलं, तर त्या माणसावर लक्ष ठेवायचं, त्याच्या घरी जायचं, त्याचं कसं चाललंय ते कोर्टाला कळवायचं, हे तिचं काम. आणि त्याच्याही आधी, अशा माणसाला घरी सोडावं का नाही, हे ठरवायला कोर्टाला माहिती लागते. ती माहिती गोळा करायचीही तिनंच. मला आपलं वाटायचं, कोर्टकचेरीत दोनच जातीची माणसं असतात, खाकीतली आणि काळ्या कोटातली. खांद्याला पिशवी लावून एसटीतनं येणारी तिसरी जात असते, हे मला तिच्यामुळं कळलं. मी तिचा पहिला माणूस होतो. म्हणजे पहिला गुन्हेगार. आमच्या गावाला हे आज, हा कागद वाचून कळेल. अकरा वर्षं गाव तिला माझी भाची समजत होतं.

झालं होतं असं. कन्नडच्या स्टँडवर जीपा नंबरानं भरायच्या. पुढची भरल्याशिवाय मागच्यानं हाक मारायची नाही. आमच्याच गावचा काशिनाथ, वरल्या आळीचा, त्याची जीप माझ्यामागं होती. त्यानं माझ्या गाडीत बसायला निघालेली सहा-सात माणसं हाका मारून आपल्या गाडीत बसवली. मी विचारलं तर हसला. माझ्या हातात जॅकची दांडी होती. मनगटावर बसली, हाड मोडलं. मारलं ते मारलं. नंबर माझा होता, हे मी कोर्टातही सांगितलं आणि आजही सांगतो. वकील म्हणाला, तात्या, हात जोडा, चूक झाली म्हणा. मी म्हणलं, सरकारच्या माणसापुढं मी वाकणार नाय. गुन्हा शाबीत झाला. पण शिक्षा सुनावायच्या आधी जज्जसाहेबांनी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. त्या वेळचे साहेब एकटेच, दोन जिल्ह्यांचा कारभार त्यांच्याकडं. ऐन वेळी त्यांना मीटिंगला बोलावलं, म्हणून त्यांनी औरंगाबादच्या कॉलेजातनं त्यांच्याकडं शिकायला आलेली एक पोरगी एकटीच धाडून दिली. ती शीतल. साताऱ्याकडची, बावीस वर्षांची. समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्यातले दोन दिवस असं प्रत्यक्ष कामावर जावं लागतं. तिच्या वर्गातल्या पोरींनी दवाखाने मागून घेतले, कुणी शाळा घेतल्या. गुन्हेगारांचं काम कुणाला नको होतं. चिठ्ठ्या टाकल्या, ते हिच्या वाट्याला आलं. ही तीन दिवस रडली होती म्हणे. पुढं मला हे तिनंच हसत हसत सांगितलं.

आता तिला सरांनी शिकवलेलं एवढंच पक्कं ध्यानात होतं, की गावात उतरलं की आपण कोर्टाकडनं आलोय हे सांगायचं नाही, माणसाची बदनामी होते. पारावर बसलेल्या माणसांनी विचारलं, कुणाकडं बाई? तिनं माझं नाव सांगितलं. त्यांची कोण तू? पोरगी गडबडली आणि म्हणून बसली, "भाची." झालं. माझ्या दोन्ही बहिणींची पोरं गावानं पाळण्यात असल्यापासून बघितलेली. ही नवी भाची कोण, हे बघायला आठ-दहा माणसं तिच्यामागं माझ्या अंगणात. द्वारका लई हुशार. तिनं पोरीच्या खांद्याची पिशवी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "अगबाई, साताऱ्याच्या मावसबहिणीची ना तू?" मला मावसबहीणच नाही. पण पोरगी "हो" म्हणाली, आणि लगेच पुढं होऊन माझ्या पायाशी वाकली. तिच्याकडची रीत तशी.

आमच्याकडं रीत उलटी आहे. आमच्या भावकीत मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. भाचीनं मामाच्या पायाला हात लावला तर मामाला पाप लागतं म्हणतात. शेजारची गंगूकाकू ओरडलीच, "अगं ए, मामाला नरकात घालती का काय!" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तात्या, बघतो काय? पड की पाया." सगळं गाव बघत होतं. एका बाजूला खोटं उघडं पडणार, दुसऱ्या बाजूला कोर्टाच्या माणसापुढं वाकायचं. कोर्टात मी जे केलं नाही ते माझ्याच अंगणात, माझ्या निम्म्या वयापेक्षा लहान पोरीपुढं करावं लागलं. मी वाकलो. पोरगी इतकी घाबरली की मागं सरकताना पाण्याच्या कळशीवर आदळली. मी वर बघितलं नाही, दातांतनंच म्हणलं, "आत चल, मग सांगतो तुला."

आत गेल्यावर मी तिला सोडलं नाही. म्हणलं, "कोर्टाची माणसं असलं खोटं बोलत्यात व्हय?" ती उभीच होती. म्हणाली, "बोलले, काका. चुकलं असेल. पण खरं सांगितलं असतं, तर उद्या तुमच्या जीपमध्ये कोण बसलं असतं?" मी तिच्याकडं पाट सरकवला.  मग तिनं मांडी घातली आणि विचारायला लागली. घरात आधी कोण उठतं. पोरांना कधी मारलं का. स्टँडवर माझी दोस्ती कुणाशी. आणि एक प्रश्न असा विचारला की मी तिच्याकडं बघतच राहिलो. "राग आला की हात काय करतात?" मी म्हणलं, म्हणजे? "म्हणजे डोक्याला कळायच्या आधी हातांना काहीतरी करायचं असतं ना? ते काय करतात?" मी माझ्या हातांकडं बघितलं. एकसष्ट वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. निघताना द्वारकेनं भाची म्हणून तिला कुंकू लावून नारळ दिला, खोटं पुरं करायला.

माझ्या घरनं निघून ती वरल्या आळीला काशिनाथकडं गेली. मार खाल्लेल्या माणसालाही विचारावं लागतं. तिथं तिनं मात्र खरं सांगितलं असणार, मी कोर्टाकडनं आलेय म्हणून. काशिनाथनं माझ्याबद्दल काय सांगितलं, हे मी तिला पुढं कितीदा तरी विचारलं. दर वेळी एकच उत्तर. "अहवालातलं बाहेर सांगत नसतात, मामा."

कोर्टानं मला वर्षभर चांगलं वागण्याच्या हमीवर घरी सोडलं. निकालाच्या दिवशी काशिनाथ हजर होता, वाकडं जुळलेलं मनगट घेऊन. गावात येऊन मी सांगितलं, सुटलो. लोकांना वाटलं निर्दोष सुटला. काशिनाथनं एका शब्दानं ते खोडून काढलं नाही. तो मला भिऊन गप्प आहे, असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षात मी महिन्यातनं एकदा शहरात तिच्या ऑफिसात हजेरी द्यायला जायचो, आणि ती अधनंमधनं गावाला यायची. पहिल्या महिन्यात मी गेलोच नाही. म्हणलं, मी काय चोर आहे का. साहेबांनी कोर्टाला कळवायचं ठरवलं होतं. ही पोरगी एसटीनं आली, देवगावच्या स्टँडवर माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, आरशाखालच्या खिळ्याला पिशवी अडकवली आणि म्हणाली, "मामा, आज तुमची हजेरी मी इथंच घेते. पुढच्या महिन्यात मात्र तुम्ही यायचं. मी किती वेळा खोटी भाची होऊ?" स्टँडवरचे ड्रायव्हर ऐकत होते म्हणून मला हसावं लागलं. मग तिनं ते स्टेअरिंगचं सांगितलं. राग आला की गाडीत चढायचं, दार लावायचं, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे आणि गाडी चालू करायची नाही. हात मोकळे झाले असं हातांना वाटेल तेव्हा उतरायचं. मला हे पोरखेळ वाटलं. पण सांगतो, त्यानंतर माझा हात कुणावर उठलेला नाही. पुष्कळ वेळा मी स्टँडवर बंद गाडीत बसलो, आणि बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, तात्या ध्यानाला बसलाय.

माझं वर्ष संपलं. तिचं शिक्षण संपलं. मला वाटलं, आता ही चांगली नोकरी बघून पुण्या-मुंबईला जाईल. ती कंत्राटावर त्याच ऑफिसात लागली. मग परीक्षा देत राहिली, दोनदा हुकली, तिसऱ्या वेळी पक्की झाली. तिच्या वडिलांना हे काम पसंत नव्हतं, हे मला तिच्या लग्नात कळलं. पत्रिका आली होती. मी आणि द्वारका कराडपर्यंत गेलो. तिचा खरा मामा तिच्या मागं उभा होता, तो त्याचा मान. मी माणसांत मागं उभं राहून अक्षता टाकल्या. तिनं तेवढ्या गर्दीतही मला शोधून काढलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मामा, इथं पाया पडायचं नाही हं, इथली रीत वेगळी." माझी बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मग दर वर्षी ती नव्या पोरापोरींना घेऊन माझ्या घरी यायला लागली. आधी मी रागावलो, मी काय राणीच्या बागेतला वाघ आहे का. ती म्हणाली, "त्यांनी पुस्तकातला गुन्हेगार वाचलाय, मामा. मला त्यांना माणूस दाखवायचाय." गावाला सांगायचो, भाचीच्या मैत्रिणी आल्यात. पोरं ओट्यावर बसायची, भाकरी-पिठलं खायची आणि तिला विचारायची, मॅडम, या लाइनमध्ये पुढं काय आहे? ती खोटं सांगायची नाही. म्हणायची, जागा थोड्या आहेत, खुर्च्या रिकाम्या पडून राहतात, परीक्षेची वाट बघता बघता वय निघून जातं. पण मुलांच्या न्याय मंडळात काम आहे, जेलात आहे, कैद्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांत आहे, कोर्टाच्या मोफत सल्ला केंद्रात आहे. पगार विचारून या कामात येऊ नका, पण पगार न विचारताही येऊ नका. पोरं हसायची. मग माझ्याकडं वळून म्हणायची, "आता मामा सांगतील." मी त्यांना सांगायचो, पहिल्या दिवशी कुणाच्या घरी गेलात तर फाइल काढू नका, पाणी मागा. माणूस पाणी द्यायला उठतो तेव्हा त्याचं घर कसं आहे ते कळतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिला बघून माझ्या ध्यानात आलं होतं. एखादी आगाऊ पोरगी म्हणायची, मामा, आमच्याही पाया पडा की. मी म्हणायचो, एकीपुरतं झालं तेवढं बास. वर्गाच्या वर्गापुढं वाकायला मी रिकामा नाय.

आता शेवटच्या भेटीचं सांगतो. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यातलं आहे. काशिनाथचा नातू, वीस वर्षांचा, देवगावच्या स्टँडवर त्याची कुणाशी तरी जुंपली आणि त्यानं त्या पोराच्या डोक्यात काचेची बाटली घातली. गुन्हा शाबीत झाला होता, पोरगा आत होता, आणि कोर्टानं शिक्षेआधी अहवाल मागवला होता. शीतल माझ्याकडं आली. घरात आली नाही, अंगणातच जीपच्या पुढच्या सीटवर बसली. पिशवी खिळ्याला. द्वारकेनं पेरू कापून दिले, ते मीठ लावून खात होती. म्हणाली, "मामा, त्या दिवशी तुम्ही स्टँडवर होतात." मी होतो. मी सगळं बघितलं होतं. बाटली फुटल्यावर सगळे पळाले, हा पळाला नाही. त्यानं अंगातला शर्ट काढून समोरच्याच्या डोक्याला बांधला आणि त्याला उचलून माझ्यासमोर उभ्या असलेल्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोलीस आले तेव्हा तो दवाखान्याच्या दारातच बसलेला होता. हे बघणारा मी एकटा होतो असं नाही, पण बाकीचे सांगायला पुढं येत नव्हते. ती म्हणाली, "तुम्ही मला फक्त हे सांगितलंत तरी मी ते अहवालात घालीन. पोरगं लहान आहे, मामा. आत राहिलं तर आतलंच शिकेल."

मी म्हणलं, "काशिनाथच्या घरासाठी मी तोंड उघडणार नाय."

तिनं वाद घातला नाही. तिची रीतच नव्हती ती. पेरूची शेवटची फोड खाल्ली, हात रुमालाला पुसले, पिशवी काढली. उतरताना म्हणाली, "बरं. मी परत विचारीन." ... हे शेवटचं. तिचं असं ठरलेलंच होतं, नाही म्हणणाऱ्याला ती परत विचारायची, पुन्हा विचारायची, कधी न चिडता. माझ्या डोक्यात होतं की ती विचारील तेव्हा बघू.

फोन आला त्या दिवशी माझ्या पोरानं मला गाडीतनं शहरात नेलं. मला चालवू दिली नाही, आणि मीही हट्ट केला नाही, यावरनं ओळखा. वाटेत मी एकच विचारत होतो, झालं काय? सकाळी डबा करता करता ती ओट्यापाशी खाली बसली, डोकं लई दुखतंय म्हणाली, आणि नवऱ्यानं गाडी काढेपर्यंत संपलं. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. गाडीनं उडवलं असतं तर मी ड्रायव्हर शोधला असता. दवाखान्यानं हयगय केली असती तर मी तिथं उभा राहून तमाशा केला असता. इथं धरायला कुणीच नव्हतं. माझे हात नुसते मांडीवर पडलेले होते आणि मी त्यांच्याकडं बघत होतो, हे आता काय करतील म्हणून. त्यांनी काही केलं नाही.

तिच्या घराखाली निम्मी माणसं अशी होती की मला बघूनच कळलं, ही हजेरीवाली. एक पानटपरीवाला, एक दाढी वाढलेला तरणा, एक बाई लेकरू काखेला मारून. कुणी कुणाला ओळख देत नव्हतं. सगळे भिंतीला लागून उभे, ऑफिसच्या बाकावर नंबर लागायची वाट बघतात तसे. साताऱ्याकडची माणसं संध्याकाळी पोचली. द्वारकेनं ट्रंकेतली नवी हिरवी साडी माझ्याकडं दिली होती. सवाष्ण गेली की माहेरची साडी घालतात, आणि ती साडी आमच्या घरातनं गेली पाहिजे असं द्वारकेचं म्हणणं होतं. मी साडी घेऊन आत गेलो. तिथं तिचा खरा मामा बसलेला. माझ्याएवढाच म्हातारा, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "आपण कोण?"

अकरा वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर माझ्या तोंडात बसलेलं होतं. पण त्या माणसापुढं ते येईना. तिचा मामा तो होता. मी म्हणलं, "मी हिच्याकडं हजेरीला यायचो. मारामारीची केस होती माझ्यावर. हिचा पहिला माणूस मी." एवढ्या माणसांत, मोठ्यानं म्हणलं.  मला वाटलं, आता हा म्हणेल, बाहेर थांबा. तो माझ्या हातातल्या साडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "देवगावकडचे मामा का तुम्ही? जीपवाले?" मी मान हलवली. "ती सांगायची, माझे मामा दोन आहेत, एक माझ्या पाया पडतात." आणि तो सरकला, त्यानं मला जागा दिली. साडीचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. आम्ही दोघांनी ती तिच्या अंगावर घातली. तिचं तोंड असं होतं, की आता डोळे उघडील आणि परत विचारील.

स्मशानातनं परतताना निकिता माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मामा, उद्या सकाळी माझी एकटीची पहिली भेट होती. काशिनाथ काकांच्या घरी. मॅडमनी ठरवून दिली होती, त्या स्वतः दारापर्यंतही येणार नव्हत्या. ऑफिसातले मोठे सर म्हणतात अहवालावर ते सही करतील, पण भेट कुणीतरी द्यायला पाहिजे, नाहीतर तारीख पुढं जाईल आणि तो मुलगा आतच राहील. मी जाऊ का नको?" मी तिला सांगितलं, पहिल्या एसटीनं देवगावला उतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढली. माझा पोरगा म्हणाला, मी येतो. मी म्हणलं, नको. निकिता स्टँडवर उभीच होती. पुढं बसली आणि तिनं पिशवी त्याच खिळ्याला अडकवली, तिला काही ठाऊक नसताना.  वरल्या आळीच्या तोंडाशी गाडी थांबवली. त्या आळीत मी अकरा वर्षं पाय ठेवलेला नव्हता, लग्नाला नाही, मयतीला नाही. लांबच्या वाटेनं फिरून जायचो. गाडी बंद केली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. निकिता म्हणाली, "मामा, तुम्ही इथंच थांबलात तरी चालेल." मी उतरलो.

काशिनाथ अंगणात बाजेवर बसला होता. मनगट अजून जरा वाकडंच आहे. मला बघून तो उठला नाही. शेजारच्या तीन-चार बाया मात्र लगोलग जमल्या, एवढ्या वर्षांनी तात्या या दारात कसा म्हणून. एकीनं निकिताकडं बोट करून विचारलंच, "ही कोण हो पाहुणी?"

"माझी भाची," मी म्हणलं.

काशिनाथनं निकिताकडं बघितलं. तिच्या पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून, त्या बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आणखी एक?"

तेव्हा मला कळलं. पहिलीही खोटी होती हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनंच त्याच्या अंगणात बसून त्याला कोर्टाचं सांगितलं होतं. निकाल त्यानं कानानं ऐकला होता. गावात एकदा बोलला असता तर मला स्टँडवर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि तो बोलला नाही... भिऊन नाही. मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो. त्यानं आवाज चढवला, बायांना ऐकू जाईल असा, आणि म्हणाला, "व्हय, भाचीच हाय. तात्या, रीत इसरला का काय?"

मी काशिनाथच्या अंगणात निकिताच्या पायाशी वाकलो. पोरगी मागं सरकली, पण शेवटी उभी राहिली. उठताना माझा गुडघा अडकला. समोर हात आला, वाकड्या मनगटाचा. तो धरून मी उठलो आणि बाजेवर बसलो. निकितानं आधी पाणी मागितलं. मग पेन काढलं, आणि त्या दिवशी स्टँडवर मी काय बघितलं ते मी काशिनाथच्या देखत सांगायला सुरुवात केली.